तिसरी फेरी

माझ्या वहीत चार रकाने आहेत :
तबकडी, साल, अवस्था, शेवटची बोली.
चौतीस वर्षं विमा कंपनीसाठी नुकसान मोजलं,
भिजलेले काजू, जळालेला ट्रॉलर,
पुरात तरंगत गेलेला कुणाचा तरी फ्रीज.
निवृत्तीनंतर हात स्वस्थ बसेनात,
म्हणून जुन्या जॅझ तबकड्यांचा हा नाद.
विकत घेणं परवडत नाही. भाव लिहून ठेवतो.

'लास्ट फेरी स्टॉम्प', कलकत्ता, एकोणीसशे अडतीस.
जांभळं लेबल, सोनेरी अक्षरं,
वाजवणारे सात, त्यांतले पाच इथले,
आणि दुसरा ट्रम्पेट दिवाडीचा : क्लाउदियु रेबेलो.
जगात एकच प्रत माहीत आहे, ती रॉटरडॅमला.
गेल्या मार्चात लिलावात चढत चढत गेली
चार लाख ऐंशी हजारांवर,
कडेला केसाएवढी चीर असून.

क्लाउदियुला मिळाले होते अठरा रुपये
आणि परतीचं तिसऱ्या वर्गाचं तिकीट.
हे कुठल्या सूचीत नसतं.
त्याच्या सुनेनं सांगितलं,
रायबंदरच्या धक्क्यावरून मी फेरीबोटीनं गेलो तेव्हा.

मार्सेलिनाबाई अंगणात होत्या.
कोंबड्या कणी टिपत होत्या
एका काळ्या, कडेला झालर पडलेल्या वाडग्यातून.
वाडग्याच्या तळाशी जांभळं काहीतरी.

मी तिथंच खाली बसलो. मातीत.

उकळत्या पाण्यात मऊ करून, पातेल्यावर पालथी घालून
कुणीतरी दाबत आणली होती ती कडेकडेनं.
मधल्या भोकाला इगर्जीतल्या मेणबत्तीचं मेण.
सोनेरी अक्षरं चोचींनी खाल्लेली,
तरी 'फेरी' एवढं वाचता येत होतं.

"हे केवढ्याला द्याल?"
"कोंब्यांक विचार, पात्रांव."

आकडा मी बोललो नाही.
जिभेखाली धरला, छातीत दुखल्यावर धरतात त्या गोळीसारखा.
"कुणी केलं असं?"
"सासऱ्यानं. पाणी मीच तापवून दिलं.
तिसऱ्या फेरीत तो अर्धी मात्रा उशिरा शिरला होता म्हणे.
कलकत्त्याचा साहेब म्हणाला, मेण संपलंय, चालून जाईल.
साहेबाचं चाललं. याचं बत्तीस वर्षं चाललं नाही.
दर नाताळाला कुणीतरी ती लावायचं
आणि तेवढ्यापुरता हा उठून विहिरीवर जायचा,
भरलेली घागर ओतून परत भरायचा.
मग एका नाताळाला लावायला काही उरलंच नाही."
हसल्या. "कोंबड्यांच्या किती पिढ्या जेवल्या त्यात!"

सावंतवाडीला आमच्या दारात बोहारीण बसायची,
आई जरीचा काठ दाखवून दाखवून भांडत असे
एका डब्यासाठी.
दुसऱ्या दिवशी मी तसाच बसलो,
पिशवीतून नवंकोरं स्टीलचं वाडगं काढून.
मार्सेलिनाबाईंनी त्याला नखानं टिचकी मारली,
कान लावून नाद विरेपर्यंत ऐकला.
"बरें वाजता," म्हणाल्या. सौदा झाला.

परतताना बोट येईपर्यंत धक्क्यावर उभा होतो,
काळं वाडगं पोटाशी धरून.
एकानं विचारलं, आत काय आहे.
काही नाही, म्हटलं. खरंच काही नव्हतं, चार कण्या होत्या.

वहीत नोंद केली.
अवस्था : वाजणार नाही.
शेवटची बोली : स्टीलचं वाडगं, एक, मध्यम.

रॉटरडॅमच्या माणसानं आपल्या प्रतीचं ध्वनिमुद्रण
फोनवर पाठवलंय, फुकट.
चीर टिक टिक करते.
तिसरी फेरी येते, दुसरा ट्रम्पेट शिरतो.
एकोणीस वेळा ऐकलं,
बोटांवर मात्रा मोजून, डोळे मिटून, शेवटी विहिरीपाशी जाऊन.

उशीर कुठे झाला ते सापडत नाही मला,
चौतीस वर्षं नुकसान मोजलेल्या माणसाला.